माडीवरची कुर्डुवाडी

घरांत रेल्वे घालावयाची असें ठरलें त्या दिवसापासून आमच्या घरांत तीन पक्ष झाले. पहिला पक्ष माझ्या काकांचा. काका 1963 सालीं रेल्वेच्या नोकरींत शिरले आणि लोहमार्गाचे निरीक्षक, म्हणजे रेल्वेच्या भाषेंत पी. डब्ल्यू. आय., म्हणून 1997 सालीं निवृत्त झाले. सोलापूरकडच्या ब्रॉडगेज मार्गावर उन्हातान्हांत रूळ तपाशीत हिंडण्यांत त्यांची सारी उमेद गेली. दुसरा पक्ष माझ्या आईचा. तिचें माहेर बार्शी. 1961 सालीं लग्न होऊन ती ‘बार्शी लाईट’नें कुर्डुवाडीपर्यंत आली, तेथें फलाट ओलांडून मोठ्या गाडींत बसली आणि पुण्यास आमच्या वाड्यांत येऊन दाखल झाली. तिसरा पक्ष माझ्या पुतण्याचा. त्याच्या मतें रेल्वे ही धांवण्याकरितां असते; ती कोणत्या मापाची हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांनीं वेळ घालविण्यासाठीं काढलेला आहे. माझा पक्ष कोणता म्हणाल, तर सुतारकाम आणि डाख देण्याचें काम माझ्याकडे असल्यामुळें मला पक्ष नाहीं. ज्याच्या हातीं करवत असते त्यानें तटस्थ राहावें हेंच घराच्या हिताचें.

‘रेल्वेचा खेळ’ म्हटला म्हणजे किल्ली दिली कीं गोल गोल फिरणारी पत्र्याची गाडी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. मी म्हणतों ती वस्तु निराळी. खऱ्या स्टेशनाचें, खऱ्या मार्गाचें, ठराविक प्रमाणांत लहान केलेलें तें चालतें रूप होय. इंग्लंड-अमेरिकेंत चांगलीं मिशा पिकलेलीं माणसें या छंदांत आयुष्य घालवितात. आपल्याकडे हा छंद विरळा. तथापि पुण्यांत 1998 सालीं जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय सुरू झालें आणि तें पाहून आलेल्या पुष्कळ मुलांनीं त्या दिवशीं रात्रीं घरीं जेवतांना आईबापांस छळलें असेल. आमचा पुतण्या त्यांपैकींच एक. आतां तो चोवीस वर्षांचा आहे, पण छळण्याचें काम त्यानें सोडलेलें नाहीं.

पहिला वाद निघाला तो प्रमाणाचा. जगांत सर्वांत अधिक खपणारा तयार मार्ग म्हणजे दोन रुळांमध्यें साडेसोळा मिलिमीटर अंतर असलेला. फुटास साडेतीन मिलिमीटर, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा, या प्रमाणांत तो बेतलेला आहे आणि त्या प्रमाणांत तो 4 फूट साडेआठ इंचांचा विलायती मार्ग बरोबर दाखवितो. परंतु आपला ब्रॉडगेज साडेपांच फुटांचा! लॉर्ड डलहौसीच्या मनांत तर सहा फुटांचा मार्ग होता. अखेरीस साडेपांच फुटांवर तडजोड झाली. या तडजोडीचा त्रास पावणेदोनशें वर्षांनीं सदाशिव पेठेंतल्या एका माडीवर व्हावा अशी कोणाचीच कल्पना नसेल. सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे भारतीय डबे बाजारांत मिळतात, पण त्यांच्याखालीं हाच विलायती मार्ग असतो. म्हणजे हिशेबानें तो साडेनऊ इंचांनीं अरुंद. काकांनीं एक डबा हातांत घेतला, चाकांमधील अंतरावरून आंगठा फिरविला आणि म्हणाले, “याला कोणीं तरी आंगडें लहान शिवलें आहे.”

तोड काढली ती पुतण्यानें. मात्र गणिताचा मोह काकांचा. फुटास साडेतीनच्या ऐवजीं तीन मिलिमीटर धरले तर साडेपांच फुटांचे बरोबर साडेसोळा मिलिमीटर होतात. एका केसाचाहि फरक नाहीं! विलायती मार्ग तोच, अंतर तेंच, फक्त त्यावरचे डबे थोडे लहान, खऱ्याच्या सुमारें एकशें दुसऱ्या हिश्शाएवढे, घरीं बनवावयाचे. काकांचा पक्ष जिंकला असें आम्हांस वाटलें.

पण आईनें एकच प्रश्न विचारला. “मग माझी गाडी?”

बार्शी लाईटचा मार्ग अडीच फुटांचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें तो बांधला आणि 1897 सालीं बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा चालू झाला. 1906 मध्यें तो पंढरपुरास पोहोंचला. कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, आणि तो भार इंजिनापासून डब्यापर्यंत सर्वांवर सारखा वांटावयाचा, हें कॅलथ्रॉपचें सूत्र. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि मोठें वजन नेतां येई. आतां गंमत अशी कीं, सत्त्याऐंशीव्या हिश्शांत अडीच फुटांचे पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि बाजारांत नऊ मिलिमीटरचा तयार मार्ग मिळतो. पाव मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांत सलणार? उलट आमच्या नव्या प्रमाणांत अडीच फुटांचे साडेसात मिलिमीटर होतात, आणि तसा मार्ग कोणी विकत नाहीं. एका गाडीला न्याय द्यावा तर दुसरीवर अन्याय. आणि कुर्डुवाडी तर असें ठिकाण कीं, दोन्ही गाड्या एकमेकींशेजारीं उभ्या राहिल्याशिवाय तें कुर्डुवाडीच नव्हे. तो लहान मार्ग या शतकाच्या पहिल्या दहाबारा वर्षांत टप्प्याटप्प्यानें रुंद झाला. आज तेथें जाऊन पाहावें म्हटलें तरी जुना देखावा दिसावयाचा नाहीं.

कोणी तरी सुचविलें कीं लहान गाडी शोभेपुरती उभी ठेवावी. आई काकांकडे वळून म्हणाली, “भावजी, तुमची गाडी धांवणार आणि माझी उभी राहणार, हें कोणत्या न्यायांत बसतें?” काका म्हणाले, “वहिनी, तुमची गाडी धांवत होती असें तरी कोण म्हणतो? चालत्या गाडींतून उतरून माणूस पाणी पिऊन परत चढे.” हें खोटें आहे, पण बार्शी लाईटबद्दल तें इतक्या वेळां सांगितलें गेलें आहे कीं आईसुद्धां हंसली. तरी तिनें आपला मुद्दा सोडला नाहीं. साडेसात मिलिमीटरचा मार्ग हातानें घालावयाचा आणि साडेसहा मिलिमीटरच्या तयार यंत्राचीं चाकें मिलिमीटरभर बाहेर सारून तें त्यावर चालवावयाचें, असें ठरलें.

यापुढें रुळांच्या उंचीचा प्रश्न. या धंद्यांत रुळाची उंची इंचाच्या सहस्रांशांत मोजतात आणि त्या आंकड्यास ‘कोड’ म्हणतात. कोड 100 म्हणजे इंचाचा दहावा भाग उंच रूळ. कोड 83, कोड 70, कोड 55, कोड 40 हे क्रमानें बुटके. दुकानदार पहिल्यांदां हातीं ठेवतो तो कोड 100, आणि त्याचीं कारणें अगदींच वाईट नाहींत. तो भक्कम असतो, मुलांच्या हातीं टिकतो, आणि चाकाची आंतली कड कितीहि खोल असली तरी त्याच्या खिळ्यांना ती लागत नाहीं. पण आमच्या प्रमाणांत एक सोपा ताळा आहे. कोडच्या आंकड्यास दहानें भागलें कीं खऱ्या रुळाची उंची जवळजवळ इंचांत मिळते. कोड 100 म्हणजे दहा इंचांचा रूळ! मीं हें काकांस सांगितलें तेव्हां ते कांहीं वेळ बोललेच नाहींत. आज आपल्याकडे मुख्य मार्गांवर मीटरास 60 किलो वजनाचे जे रूळ असतात ते देखील 172 मिलिमीटर, म्हणजे पावणेसात इंचच उंच. काकांच्या उमेदीच्या दिवसांतला मुख्य मार्गाचा रूळ म्हणजे यार्डास 90 पौंडांचा. त्याची उंची पांच आणि पांच-अष्टमांश इंच. कोड 55 आमच्या प्रमाणांत बरोबर तेवढाच भरतो.

काकांची दृष्टि हल्लीं फार मंद झाली आहे. समोरच्या माणसाची आकृति दिसते, चेहरा दिसत नाहीं. नमुन्याचे पांच रूळ मागविले होते, ते मीं त्यांच्यासमोर टेबलावर ओळीनें ठेवले. त्यांनीं प्रत्येकावरून नखाचें टोंक उभें फिरविलें. पहिल्या दोहोंना ते ‘तुळया’ म्हणाले. तिसऱ्यापाशीं किंचित् थबकले. चौथ्यावर नख गेलें आणि ते म्हणाले, “हा नव्वद पौंडी.” तो कोड 55 होता. मीं आंकडा सांगितलेला नव्हता. या एका प्रसंगानें माझ्या मनांतला वाद मिटला, आणि तटस्थ म्हणविणारा मी त्या संध्याकाळपासून काकांच्या पक्षास मिळालों. पांचवा, कोड 40, बार्शी लाईटकरितां निघाला. त्या हलक्या मार्गाला तोहि जाडच, पण त्याहून बारीक रूळ सहजासहजीं मिळत नाहीं.

कोड 55 ची उंची अवघी 1.4 मिलिमीटर. जुन्या खेळण्यांचीं चाकें त्यावर चालावयाचीं नाहींत. त्यांची कड खालीं आपटत जाते. अमेरिकेंत 1935 सालीं स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननें चाकाचा जो आकार ठरवून दिला आहे, त्यांत ही कड सुमारें दोन-तृतीयांश मिलिमीटर खोल असते. तशींच चाकें घ्यावीं. धातु निकल-सिल्व्हर घ्यावा, पितळ नव्हे. पितळ लवकर काळवंडतें आणि मग वीज चाकांत पोहोंचत नाहीं. निकल-सिल्व्हर हें नांव मोठें, पण त्यांत चांदीचा कणहि नसतो. तांबें, निकल आणि जस्त यांचें तें मिश्रण. आपल्या आज्यांच्या कपाटांतलें जर्मन सिल्व्हर तें हेंच.

याच सुमारास वाड्याचा करार झाला. वाडा पाडून तेथें उंच इमारत व्हावयाची आणि आम्हांस तिच्यांत तीन निरनिराळ्या मजल्यांवर तीन जागा मिळावयाच्या: एक थोरल्या बंधूंची, एक माझी, एक काकांची. काकू जाऊन अकरा वर्षें झालीं, मूलबाळ नाहीं. आजवर काका एकटे आहेत हें आमच्यापैकीं कोणाच्या ध्यानांत येण्याचें कारणच पडलें नव्हतें, कारण वाड्यांत कोणी एकटें नसतेंच. दादांनीं त्यांस आपल्याकडे राहा म्हटलें, मीहि म्हटलें. दोघांसहि त्यांनीं एकच उत्तर दिलें, “मला माझी जागा आहे.” या उत्तरापुढें बोलणें कठीण असतें. आई मात्र त्या वेळीं कांहींच बोलली नाहीं.

रेल्वेच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं, माडी जावयाची, तेव्हां मार्ग तुकड्यांत घालावयास हवा होता. मीं चार फुटी चार फळ्यांचा बेत केला. काका म्हणाले, “रूळ किती लांबीचा?” आपल्याकडे ब्रॉडगेजचा रूळ 13 मीटरांचा, आमच्या प्रमाणांत 128 मिलिमीटर. चार फुटांत असे साडेनऊच बसतात, म्हणजे फळीचा जोड रुळाच्या मध्यावर येणार. हें त्यांस मुळींच पसंत पडलें नाहीं. दहा रुळांचे 1280 मिलिमीटर होतात. तेवढीच फळी करावी, म्हणजे जेथें फळी तुटते तेथें रूळहि तुटलेला असेल. फळीवर रूळ बसवावयाचा असतो अशी माझी समजूत. आमच्या घरीं रुळावरून फळीचें माप ठरलें. विकत मिळणारा रूळ यार्डाचा, म्हणजे 914 मिलिमीटरांचा. त्यांतून सात रुळांचा 896 चा एक तुकडा व दुसऱ्यांतून तीन रुळांचा 384 चा, अशी फळी भरते.

प्रत्यक्ष घालण्याची रीति थोडक्यांत सांगतों. प्लायवुडच्या दोन्ही बाजूंस आणि विशेषतः कडांस व्हार्निश द्यावें. पुण्याच्या पावसाळ्यांत लांकूड फुगतें तितका रूळ उन्हाळ्यांतहि वाढत नाहीं. वर बुचाच्या लांकडाचा पातळ थर, त्यावर मध्यरेषा. वळण शक्य तों टाळावें. रेल्वेच्या हिशेबानें एक अंशाचें वळण म्हणजे 1750 मीटरांची त्रिज्या. ती आमच्या प्रमाणांत सतरा मीटरांहून अधिक होते. ब्रॉडगेजवर चालणारें सर्वांत तीव्र म्हणजे दहा अंशांचें वळण, तेंसुद्धां पावणेसहा फूट त्रिज्येचें. दुकानांतून दोन फूट त्रिज्येचीं वळणें सर्रास विकतात. त्यावरून लांब डबे जाऊं लागले म्हणजे ते वर्तुळाबाहेर कोपरें काढून चालतात. आम्हीं सरळ स्टेशनच घेतलें.

स्लीपर साडेसत्तावीस नव्हे, बरोबर 27 मिलिमीटर लांब, कारण खरा नऊ फुटांचा. रुंदी अडीच मिलिमीटर. प्रत्येक रुळाखालीं वीस. दर पांचवा स्लीपर तांब्याचा थर दिलेल्या पट्टीचा असतो आणि त्यावर रुळास डाख देतात. बाकीचे सागाचे, नुसते चिकटविलेले. तांब्याच्या थरास मध्यें करवतीनें खांच पाडावी, नाहींतर दोन्ही रूळ विजेनें एक होतात. मापाची पट्टी प्रत्येक डाखेला लावावी. रुळाच्या प्रत्येक तुकड्यास खालून स्वतंत्र तार द्यावी. जोडपट्टीवर विजेचा भरंवसा ठेवूं नये. थंडीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत 25 अंशांचा फरक पडला तर एका फळीवरचा रूळ अर्धा मिलिमीटर वाढतो, म्हणून थंडींत मार्ग घालतांना प्रत्येक जोडांत पोस्टकार्डाचा तुकडा धरून तेवढी फट सोडावी. काका सांगत कीं, त्यांच्या 13 मीटरांच्या रुळास 30 अंशांनीं साडेचार मिलिमीटर लागत आणि ते न दिल्यास उन्हांत मार्ग सापासारखा वळे.

फळीच्या कडेस प्रत्येक रुळाखालीं पितळी स्क्रू बसविला. रूळ त्याच्या डोक्याला डाख देऊन पक्का करावयाचा, दोन फळ्या बोल्टानें आवळावयाच्या, आणि मग बारीक करवतीनें रूळ कापावयाचा. कोड 55 ची नाजूक टोंकें वाहतुकींत टिकतील कीं नाहीं हा पुतण्याचा आक्षेप रास्त होता. या स्क्रूंमुळें तीं टिकतात. सांधे बनविण्यास मात्र मला दोन महिने लागले. मुख्य मार्गावर बारास एक आणि मालधक्क्याकडे साडेआठास एक, यांत काकांनीं कणभर सूट दिली नाहीं.

आणखी एक काम त्यांनीं करविलें. तुकडा 896 चा असला तरी त्यावर दर 128 मिलिमीटरांस रुळाच्या माथ्यावर कानशीनें बारीक खांच पाडावयाची, तीहि दोन्ही रुळांवर समोरासमोर. अमेरिकन पुस्तकांत जोड पुढेंमागें ठेवावे असें लिहिलें असतें, कारण तिकडच्या मार्गावर तशी चाल आहे. आपल्याकडे सरळ मार्गावर ते समोरासमोर येतात, आणि म्हणूनच आपल्या गाडीचा तो ओळखीचा दुहेरी आवाज होतो. खांचा पाडून झाल्यावर पुतण्यानें तीन डबे हळू सोडले. काका खुर्चींत पाठमोरे बसले होते. गाडी दुसऱ्या फळीवर आली तेव्हां ते म्हणाले, “थांब. सहावा जोड उजवीकडचा मागें आहे.” मापून पाहिलें; पाऊण मिलिमीटर मागें होता. दिसत नसल्याची तक्रार त्यांनीं कधीं केली नाहीं, पण त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळीं माडीवर येऊन बसूं लागले.

फळ्यांची वांटणी आईनें केली. पुण्याकडची फळी दादांकडे, सोलापूरकडची माझ्याकडे, आणि मधल्या दोन, ज्यांवर दोन्ही गाड्यांचा फलाट आहे, त्या काकांच्या जागेंत. “स्टेशन तुमच्याकडे, भावजी. गाडी चालवावयाची तर सगळ्यांना तुमच्याकडेच यावें लागेल. आणि माझी गाडी तेथें आहे, तेव्हां मला रोज.” काकांनीं विचारलें, चहा कोणीं करावयाचा? तो मुद्दा अजून निकालांत निघालेला नाहीं.

मुख्य मार्गाच्या आठशें स्लीपरांपैकीं सहाशें लागले. बार्शी लाईटचें यंत्र पुतण्यानें सुटें करून ठेवलें आहे; चाकें सारून झालीं, दांत्यांचें एक चक्र अडकतें. तिसरा जोड कापावयाचा राहिला आहे, पण पाऊस थांबून फळ्या कोरड्या होईपर्यंत काका करवत हातीं घेऊं देत नाहींत. वाडा दिवाळीनंतर रिकामा करावयाचा आहे, म्हणून दसऱ्याच्या आदल्या रविवारीं तें काम उरकावें असें ठरलें आहे.